सोबत: कोणी नाही

थॅडियस गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी त्याची बहीण अर्नेस्टीन माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून अंत्यविधीच्या पत्रिकेचा मजकूर तयार करत होती. आमच्या माउंट हेब्रॉन चर्चमध्ये ही पत्रिका म्हणजे साधंसुधं प्रकरण नसतं. आठ पानं, रंगीत फोटो, जन्म कुठला, बाप्तिस्मा कधी, नोकरी कुठे, आणि शेवटी 'मागे कोण कोण' ही यादी. पत्रिका हातात पडली की लोक आधी तीच यादी वाचतात. कोणाचं नाव वर, कोणाचं खाली, कोणाचं गाळलं, यावरून शिकागोच्या साउथ साइडवर सख्ख्या बहिणींनी वीस वीस वर्षं एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही.

अर्नेस्टीन सत्त्याहत्तरची. चष्मा नाकाच्या टोकावर. "मागे बहीण अर्नेस्टीन, दोन भाचे, एक भाची," असं वाचत ती थांबली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि तुझं काय लिहू?"

"मित्र लिही."

"मित्र."

"जिवलग मित्र लिही, हवं तर."

"एल्वुड, चौतीस वर्षं एका घरात राहिलात तुम्ही. वर तो, खाली तू. मागचा जिना बघ जरा, पायऱ्या पार झिजून गेल्यात. आणि म्हणे जिवलग मित्र!"

"आजवर तेच म्हणत आलोय ना आपण?"

"आपण नाही. तू." तिने पेन कागदावर इतकं दाबून चालवलं की खालच्या टेबलक्लॉथवर वळ उठला. "लिहिलं. झालं समाधान? आता ऐक. बोलणाऱ्यांत तुझं नाव घातलंय. दोन मिनिटं. तोंड देवाने दिलंय, चाळीस वर्षं गायकवृंद चालवलायस, तेव्हा घसा बसल्याची सबब मला सांगू नकोस."

ती गेली आणि मी कॉफीचा कप तसाच धरून बसलो. ऐंशीला टेकलो तरी एका वाक्याला घाबरणारा माणूस तुम्हाला बघायचा असेल तर तो मीच.

दोन मिनिटांचं तसं मला नवल नव्हतं. आमच्याकडे पत्रिकेत स्पष्ट छापलेलं असतं, 'कृपया दोन मिनिटं', आणि तरीही एकेक जण माइक धरला की सोडत नाही. मग ऑर्गनवर बसलेल्याने काय करायचं, तर हळूच सूर धरायचे. आधी अगदी मंद, मग जरा चढे, की बोलणाऱ्याला कळतं आपली वेळ भरली. चाळीस वर्षं त्या ऑर्गनवर मी होतो. किती मामा-मावश्यांना, किती रडणाऱ्या जावयांना मी असं सुरांनी धरून खाली बसवलं असेल, याची गणती नाही. थॅडियस म्हणायचा, "एल्वुड, तुझ्याइतक्या सभ्यपणे दुसऱ्याचं तोंड बंद करणारा माणूस मी पाहिला नाही." त्यात टोमणा होता हे मला कळायचं. मी हसून सोडून द्यायचो.

थॅडियस पेटिवे सात वर्षांचा असताना मिसिसिपीहून आईबापांबरोबर आगगाडीने शिकागोला आला. बाप खाटीकखान्यात लागला. पहिल्याच वसंतात शाळेच्या खिडकीला आपटून मेलेला एक पिवळाधमक चिमुकला पक्षी त्याला सापडला. तो त्याने तीन दिवस खिशात ठेवला. चौथ्या दिवशी आईला वास आला आणि त्याला मार बसला. मार खाऊनही तो विचारतच राहिला, याचं नाव काय? घरात कोणाला ठाऊक नव्हतं, शाळेत कोणाला ठाऊक नव्हतं. म्हणून तो पहिल्यांदा वाचनालयाची पायरी चढला. पक्षी आणि पुस्तकं त्याच्या आयुष्यात अशी एकाच दिवशी आली, आणि दोन्हींनी त्याला शेवटपर्यंत सोडलं नाही.

पुढे आमच्या वस्तीतल्या एका साप्ताहिकात तो मृत्युलेख लिहायला लागला. अकरा वर्षं. साउथ साइडवरच्या निम्म्या मेलेल्यांना थॅडियसने पोचवलं. तो म्हणायचा की पेपरात सगळ्यात जास्त खोटं राजकारणाच्या पानावर नसतं, ते 'मागे कोण कोण' या ओळीत असतं. एवढं सोडलं तर माणसं बरीच खरी असतात. नंतर त्याने रहस्यकथा लिहिल्या, सात. त्यांतली मिस ओपल ही केस करून देणारी बाई. खुर्चीत बसलेल्या बायकांच्या डोक्यावरून गरम कंगवा फिरवता फिरवता खुनी शोधायची. आमच्या गायकवृंदातल्या बायका त्या पुस्तकांवर तुटून पडायच्या. मग एकोणनव्वद साली त्याने दोन पुरुषांची गोष्ट लिहिली. दोघं एका दुमजली घरात वरखाली राहून म्हातारे होतात. तेही पुस्तक बायकांनी वाचलं, पण खाकी कव्हर घालून. आमच्या चढ्या सुरात गाणाऱ्या पहिल्या सोप्रानोने सरावानंतर मला गाठून विचारलं, "ब्रदर हॅम्लिन, त्या पुस्तकातला खालच्या मजल्यावरचा तो भित्रा माणूस कोण हो?"

"असेल कोणीतरी कल्पनेतला," मी म्हटलं.

"हो का? चहात चार चमचे साखर घालणारा दुसरा कोणी मला तरी माहीत नाही." आणि ती टाळ्या वाजवत निघून गेली.

पण थॅडियसला 'लेखक' म्हटलेलं जितकं आवडायचं त्याहून 'पक्षीवाला' म्हटलेलं जास्त आवडायचं. एप्रिल-मे आला की रोज पहाटे जॅक्सन पार्कातल्या बेटावर. सूट, टाय, चकचकीत बूट, गळ्यात दुर्बीण. मी एकदा म्हटलं, "अरे राजा, चिखलात चाललायस, लग्नाला नाही."

"काळा माणूस, हातात दुर्बीण, सकाळी सहाला झुडपात," तो म्हणाला. "टाय नसला तर चोर. टाय असला तर वेडा. वेड्याला सोडून देतात."

खरंच सोडून द्यायचे. कोणीतरी खिडकीतून बघून फोन करायचं, गाडी यायची, आणि तो शांतपणे वरच्या खिशातून पक्ष्यांचं पुस्तक काढून त्या पोलिसालाच विचारायचा, "तुम्ही हा लाल कार्डिनल पाहिलाय का कधी नीट? या, इथून बघा." दोघांतिघांनी बघितलाही. एक तर पुढे दर मे महिन्यात हात करायचा. पण गाडी दिसली की थॅडियसच्या मानेवरची शीर उडायला लागायची, ती त्या पोलिसाला दिसत नव्हती. मला दिसायची.

मी कशाला जायचो? थर्मास धरायला. मी शाळेत संगीत शिकवायचो. माझे डोळे बेताचेच, पण कान चांगले. पानांत काय लपलंय ते मी ऐकून सांगायचो, मग तो दुर्बीण लावून नाव सांगायचा. आमची भेटही तिथलीच. त्या काळी त्या झुडपांत आमच्यासारखे पुरुष पक्ष्यांसाठी नाही, एकमेकांसाठी यायचे हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. मीही तसाच गेलो होतो, आणि भेटला मला टाय बांधलेला एक माणूस, जो म्हणाला, "शूऽ, हलू नका, तुमच्या डोक्यावर घुबड बसलंय."

त्याच्या वह्यांचे नियम देवळातल्या नियमांसारखे कडक. तारीख, वेळ, वारा, जागा, पक्षी, किती, आणि शेवटचा रकाना 'सोबत'. लिहिलेलं खोडायचं नाही. चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. वहीच्या मागे जन्मभराची यादी. पाहिलेली प्रत्येक जात एकदाच, क्रमांक घालून. ती ज्याची त्याने आपल्या हाताने लिहायची. दुसऱ्याच्या यादीला कोणी हात लावत नाही, आणि माणूस गेला की यादी मिटली. पक्षीवाले सगळेच हे पाळतात, पण थॅडियससारखं पाळणारा मी दुसरा पाहिला नाही. एकदा ससाणा शंभर टक्के ससाणाच होता, मीही पाहिला, पण उन्हाच्या तिरिपीत त्याची मान नीट दिसली नाही म्हणून या गृहस्थाने तो सोडून दिला. मी कधी यादी केली नाही. मला थर्मास पुरे होता.

आता अठ्ठ्याहत्तर साल. मे महिन्याची चौदा तारीख, रविवार, मदर्स डे.

आमच्याकडे मदर्स डेला ज्याची आई आहे तो कोटाला लाल फूल लावतो, ज्याची नाही तो पांढरं. माझी आई तेव्हा होती, पुढच्या बाकावर बसायची, आणि त्या दिवशी गायकवृंद चालवायचा होता तिच्या लेकाने. लाल फूल गाडीत ओल्या रुमालात गुंडाळून ठेवलं होतं. नऊला चर्चमध्ये सराव. म्हटलं सहा ते आठ बेटावर जाऊन येऊ, काय बिघडतं?

सहा चाळीसला मला ऐकू आलं. खालच्या पट्टीतलं, भरदार, उकळत्या पाण्यासारखं वर येणारं गाणं. मी थॅडियसची बाही ओढली. "हे मी आधी ऐकलेलं नाही."

त्याने दुर्बीण लावली. मग दुर्बीण माझ्या हातात देऊन म्हणाला, "बघ. लवकर. झुडपाच्या अगदी खालच्या फांदीवर." पाठ निळसर राखी, पोट लिंबासारखं पिवळं, कडेने काळ्या रेघा. आणि शेपटी सारखी वर-खाली, वर-खाली, एखाद्या धोबी पक्ष्यासारखी. कर्टलँडचा वटवट्या. त्या वर्षी सबंध जगात हे पक्षी काही शे उरले होते, तेही सगळे सरोवरापलीकडे मिशिगनच्या पाइनांत. आणि त्यांतला एक साउथ साइडला येऊन एका संगीत-मास्तरासाठी गात होता. थॅडियसने माझा हात धरला. उघड्यावर त्याने माझा हात धरलेला तो एकच प्रसंग. आयुष्यात मी इतका सुखी त्याआधी नव्हतो, नंतरही फारसा नाही.

घड्याळ बघितलं तेव्हा सव्वानऊ झाले होते.

मी दहा वाजून दहा मिनिटांनी चर्चमध्ये पोचलो. बुटाला चिखल, फूल चुरगळलेलं. सगळ्यांदेखत सांगितलं की शेजारच्या गॅरी गावाला चुलतभावाकडे गेलो होतो, येताना गाडी बंद पडली. आईने वळून बघितलं आणि पुन्हा समोर बघायला लागली.

त्याआधी, चर्चपर्यंतच्या गाडीत, थॅडियस म्हणाला होता, "इतक्या दुर्मीळ पक्ष्याला पक्षी मंडळ दुसरा साक्षीदार मागतं."

"थॅड, माझं नाव नको."

तो दुर्बिणीची काच पुसायला लागला.

"वेळ लिहावी लागेल, जागा लिहावी लागेल. ती जागा कसली आहे हे कोणाला ठाऊक नाही? शाळा जाईल. चर्च जाईल. आई..."

"बरं," तो म्हणाला.

"रागावलास?"

"पक्षी बघितलास ना? मग झालं."

जूनमध्ये पक्षी मंडळाची बैठक वाचनालयाच्या तळघरात होती. मी गेलो होतो. मागच्या रांगेत, हातात कागदी कपातली कॉफी. नोंदी तपासणाऱ्या समितीचे मिस्टर व्हिटमर, उंच, भुवया पांढऱ्या. त्यांनी थॅडियसचा फॉर्म वर धरला. "मिस्टर पेटिवे, अडीच तास पाहिलात म्हणता. सोबत कोणी?"

"कोणी नाही," थॅडियस म्हणाला.

"अडीच तास, आणि चिटपाखरू आलं नाही तिकडे?"

"नाही."

व्हिटमर हसले. "अहो, तुमचा धंदाच गोष्टी रचण्याचा. एखादी आमच्याकडेही आली असेल, काय?"

खोलीभर हशा पिकला. चाळीसेक माणसं होती, त्यांत आम्ही दोघेच काळे. थॅडियस टाय सरळ करून उभा होता. त्याने मान वळवून मागे बघितलं असतं तर मी उठलो असतो, असं मी स्वतःला एक्केचाळीस वर्षं सांगत आलो. त्याने बघितलं नाही. एकदाही नाही. आणि मी मूग गिळून कॉफी पीत राहिलो. नोंद फेटाळली गेली.

घरी येताना तो एवढंच म्हणाला, "कॉफी गार होती ना तिथली?"

पुढे कित्येक वर्षं मंडळातले त्याची थट्टा करायचे. "काय पेटिवे, आज काय पाहिलंत? ड्रॅगन?" तोही हसायचा. सांगितलेलं खरं असून हसण्यावारी गेलं की माणूस आतून कसा होतो हे मला त्याच्या पुस्तकांवरून कळलं. मिस ओपलवर पहिल्या प्रकरणात कोणी विश्वास ठेवत नाही. सातही पुस्तकांत नाही.

मला सगळ्यात खटकायचं ते हे की त्याने तो पक्षी स्वतःच्या यादीतही घेतला नाही. एकदा मी विचारलं, "मंडळ गेलं खड्ड्यात. तू पाहिलास ना? मग मोज की."

"नोंदीत दोष आहे," तो म्हणाला आणि विषय बदलला. मला वाटलं, समितीचा निकाल तो पाळतोय. मानी माणूस, नियमाचा माणूस. मी तेच धरून बसलो. मला ते सोयीचं होतं.

काळ बदलला. शाळेतून मी सन्मानाने निवृत्त झालो. आई दोन हजार तीन साली गेली आणि मी पांढरं फूल लावायला लागलो. थॅडियसला कुठे कुठे वाचनाला बोलवायचे, तरुण मुलंमुली रांगा लावायची, आणि तो व्यासपीठावरून बिनदिक्कत सांगायचा की आपण पुरुषावर प्रेम करतो. मला म्हणायचा, "पुढे बस." मी तिसऱ्या रांगेत बसायचो. तेव्हा कोणी माझं काय वाकडं करणार होतं? कोणी नाही. भीतीचं कारण केव्हाच गेलं होतं, नुसती सवय उरली होती. यादी सहाशे अकरावर पोचली. या एप्रिलमध्ये, पक्षी यायला आठवडा असताना, तो झोपेतच गेला.

अंत्यविधीच्या आदल्या दिवशी दुपारी मी दोन मिनिटांत वाचायला काहीतरी बरं मिळेल म्हणून वरच्या मजल्यावर गेलो. वह्या ओळीने लावलेल्या होत्या. अठ्ठ्याहत्तरची वही मी कधी उघडली नव्हती. उघडली. चौदा मे, सहा चाळीस, वारा आग्नेयेकडून, मंद. कर्टलँडचा वटवट्या, नर, एक, गात होता. 'सोबत'च्या रकान्यात पेन्सिलीने, तिथेच उभ्याउभ्या, घाईत लिहिलेलं: 'एल्वुड. आधी त्यालाच ऐकू आला.' त्यावर शाईने एक आडवी रेघ. रेघेच्या वर, सावकाश अक्षरात: 'कोणी नाही.'

आणि समासात, बारीक अक्षरांत: 'पक्षी खरा. नोंद खोटी, मी केली. मोजायचा नाही.'

मी त्याच्या पलंगावर बसलो. समितीचा काही संबंधच नव्हता. ससाण्याची मान दिसली नाही म्हणून ससाणा सोडणाऱ्या माणसाने जन्मात एकच खोटी नोंद केली होती, आणि ती माझ्यासाठी. मग स्वतःला शिक्षा म्हणून आयुष्यातला सगळ्यात मोठा पक्षी स्वतःच्याच यादीतून बाहेर ठेवला होता. मी खूप रडलो. लाज वाटली म्हणून रडलो, आणि त्याची इतकी आठवण आली म्हणूनही.

शनिवारी चर्च भरलं होतं. ऑर्गनवर डॉर्थुला, माझी विद्यार्थिनी, आता पन्नाशीची. मंडळाची माणसं डावीकडे बसली होती, पुढे त्यांची अध्यक्षा रेनिटा बोल्स, आमच्याच वस्तीतली. व्हिटमर कधीच वारले होते. पहिल्या बाकावर चर्चमधल्या सगळ्यात वडीलधाऱ्या मदर प्रुइट, शहाण्णव वर्षांची, मांडीवर पांढरे हातमोजे. माझं नाव पुकारलं. मी माइकपाशी गेलो आणि खिशातून कागद काढलाच नाही.

"चाळीस वर्षं मी तुम्हाला दोन मिनिटांत खाली बसवलं," मी म्हटलं. "आता माझी वेळ लावा."

लोक हसले. कोणीतरी म्हणालं, "सांगा, सांगा."

"अठ्ठ्याहत्तर सालच्या मदर्स डेला मी उशिरा आलो होतो. तुमच्यातल्या काहींना आठवत असेल. मी सांगितलं, गॅरीला चुलतभावाकडे गेलो होतो, गाडी बंद पडली. गाडी बंद पडली नव्हती."

"गॅरीला तुझा चुलतभाऊच नव्हता रे कधी, बाळा," मदर प्रुइट खणखणीत आवाजात म्हणाल्या. "तुझ्या आईनेच त्या दिवशी मला सांगितलं. म्हणाली, पोराच्या बुटाला बेटावरचा चिखल आहे. राहू दे, त्याला सांगायचं तेव्हा सांगेल."

सगळं चर्च हसलं. आई पंचवीस वर्षं वाट बघत होती. मी तिलाही ताटकळत ठेवलं होतं.

मी पक्षी सांगितला. गाणं सांगितलं, शेपटी सांगितली. वाचनालयातली ती बैठक सांगितली, मी मागे बसून कॉफी पीत होतो तेही. तेवढ्यात दारापाशी उभं राहून वेळ बघणाऱ्या सिस्टरने हातमोजा घातलेला हात वर केला. दोन मिनिटं झाली. माझी नजर सवयीने ऑर्गनकडे गेली. डॉर्थुलाने मीच शिकवलेला पहिला मंद सूर धरला. मग तिने माझ्याकडे बघितलं, दोन्ही हात पट्ट्यांवरून उचलले आणि मांडीवर ठेवले.

"थॅडियसने तिथे सांगितलं, सोबत कोणी नव्हतं," मी म्हटलं. "मी होतो. त्या दिवशी होतो, त्याआधी होतो, आणि परवा तो गेला तेव्हाही मीच होतो. पत्रिकेत मित्र छापलंय. ते मी छापायला लावलं. ते पुरेसं नाही. तो माझा होता आणि मी त्याचा. एवढंच."

मग अर्नेस्टीन उठली, पत्रिका बाकावर उघडली, पर्समधून पेन काढलं आणि उभ्याउभ्या काहीतरी खरडलं. वर न बघता म्हणाली, "चला, बस आता. साडेचार मिनिटं झाली." आणि डोळे पुसले.

नंतर तळघरात जेवणं झाली. तळलेला मासा, मॅकरोनी, कोणीतरी केलेला कॅरमलचा केक. रेनिटा फॉर्म घेऊन माझ्यापाशी आली. "मिस्टर हॅम्लिन, साक्षीदार म्हणून सही कराल? खोटं आश्वासन देत नाही हं. एक्केचाळीस वर्षांनी आलेली साक्ष, समिती घेईल, न घेईल."

"तुम्ही घ्याल?"

"मी आत्ताच घेतली," ती म्हणाली.

मी सही केली. वेळ लिहिली, जागा लिहिली, पूर्ण नाव लिहिलं.

घरी येऊन मागच्या जिन्याने वर गेलो. अठ्ठ्याहत्तरची वही उघडली. 'कोणी नाही'वर एक आडवी रेघ मारावी, त्यावर माझं नाव लिहावं, मग शेवटच्या वहीत मागे जाऊन सहाशे अकराच्या खाली सहाशे बारा घालावा, असं फार वाटलं. पेनसुद्धा उघडलं. पण यादी ज्याची त्याची. तो आता नव्हता आणि त्याची यादी मिटली होती. सहाशे अकरा, कायमची. तो आकडा माझ्यामुळे एकाने कमी आहे आणि ते आता कोणालाच दुरुस्त करता येणार नाही.

त्याच्या कपाटात एक कोरी वही होती, या वसंतासाठी आणून ठेवलेली. ती घेऊन मी खिडकीपाशी बसलो. रकाने आखले, त्याने आखले असते तसे. पहिल्या ओळीत लिहिलं: एक. कर्टलँडचा वटवट्या, नर, गात होता. चौदा मे एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर, सहा चाळीस.

सोबत: थॅडियस.